वहाळापलीकडे वाय-फाय: तांब्याच्या तारेचा अँटेना आणि त्याची जोडणी

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत फायबर आलं ते रस्त्याच्या कडेने, विजेच्या खांबांवरून लोंबत. डांबरी रस्ता आमच्या घरापाशी संपतो, केबलही तिथेच संपते. नाना, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, वहाळापलीकडच्या वाडीत राहतात. आमच्या खळ्यातून त्यांच्या घराची कौलं दिसतात. नकाशावर मोजलं तर सरळ रेषेत ६५० मीटर. पायी जायचं तर घाटी उतरा, साकव ओलांडा आणि पुन्हा तेवढंच चढा. केबलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "वहिनी, चार घरांसाठी एवढे खांब कोण घालणार?" त्याचंही खोटं नाही. मोबाइलची रेंज तिकडे येत नाही, कारण टॉवर आणि वाडी यांच्या मध्ये डोंगर आडवा आहे. नानांची नात बारावीला आहे. लेक्चर डाउनलोड करायला ती सड्यावर जाऊन बसते, आणि जूननंतर सड्यावर बसण्यासारखी हवा नसते.

म्हणून मी दोन अँटेना केले. ते आता चालू आहेत, आणि ते कसे केले, कसे जोडले हे सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण आमच्यासारख्या वाड्या कोकणात पावलोपावली आहेत.

'घरगुती वाय-फाय अँटेना' असं शोधलं की डब्यांचे व्हिडिओच्या व्हिडिओ निघतात. डबा कसा कापायचा, भोक कुठे पाडायचं, सगळं दाखवतात. मग त्या डब्याला आठ-दहा मीटर वायर लावतात, ती खिडकीतून आत घेतात आणि राउटर टेबलावर ठेवतात. त्या वायरीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मी हे सगळं मुख्यतः त्या वायरीसाठी लिहिते आहे. थोडा धीर धरा, तिच्यापर्यंत येतेच.

माझे बाबा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे. दुकानाच्या मागे ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून ते टीव्हीचे अँटेना बनवायचे, आणि त्यांनी मला एक गोष्ट लहानपणीच पक्की सांगितली होती: अँटेना सिग्नल तयार करत नाही, गोळा करतो. पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करताना त्याचं गणित कळलं. राउटर साधारण १०० मिलिवॉट शक्ती बाहेर टाकतो, म्हणजे २० डीबीएम (डीबी म्हणजे शक्ती किती पट वाढली-घटली ते मोजायचं माप, आणि डीबीएम म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली शक्ती). सोबतच्या काडीतून ती चहूबाजूंना पसरते. नानांच्या दिशेला जाते त्यातली चिमूटभर, उरलेली कोंबड्यांना आणि शेजारच्या काजूंना. वहाळापलीकडे हाक मारायची असते तेव्हा आपण तोंडाभोवती हातांचा द्रोण करतो. दम तेवढाच असतो, पण तो एका बाजूला जातो. आणि पलीकडचा माणूस कानामागे तळहात धरतो. डायरेक्शनल अँटेना दोन्ही कामं करतो, बोलण्याचं आणि ऐकण्याचं. म्हणून दोन्ही टोकांना लावला की फायदा दोनदा मिळतो.

आकडेमोड आधी केली, आणि ज्यांना असं काही करायचं आहे त्यांनी ती आधीच करावी. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींचं मोकळ्या हवेत ६५० मीटरमध्ये नुकसान होतं सुमारे ९६ डीबी. राउटरचे २०, आपल्या अँटेनाचे १०, समोरच्या अँटेनाचे १०, त्यातून ९६ वजा केले की उरतात उणे ५६. जोडांमध्ये एखाद-दोन डीबी जातील असं धरलं तर उणे ५८. राउटरला उणे ७० पर्यंत चांगलं ऐकू येतं, त्याखाली वेग पडायला लागतो. काड्यांच्याच भरवशावर राहिलं तर हाच हिशेब उणे ७१ वर येतो, तोही मध्ये भिंत नाही असं धरून. आणि आमच्या भिंती जांभ्याच्या, फूट-सव्वा फूट जाडीच्या. दर ३ डीबीला शक्ती दुप्पट किंवा निम्मी होते, १० डीबीला दहापट, एवढं लक्षात ठेवलं की हे आकडे आपोआप बोलायला लागतात.

आता डबा की तार, हा प्रश्न.

माझा भाचा डब्यावर अडून बसला होता. डबे आमच्याकडे मुबलक. मे महिन्यात कॅनिंगवाल्याकडून आमरस येतो तो ८५० ग्रॅमच्या पत्र्याच्या डब्यात, आणि रिकामे डबे कोणी टाकून देत नाही. आतला व्यास मी मोजला तो ९९ मिलिमीटर. गोल नळीतून २.४ गिगाहर्ट्झ नीट, एकाच पद्धतीने जायला हवे असतील तर व्यास साधारण ७३ ते ९२ मिलिमीटर असावा लागतो. ७३ च्या खाली लहर नळीत शिरतच नाही, ९२ च्या वर दुसऱ्या पद्धतीची लहरही उठू शकते. म्हणजे आमरसाचा डबा किंचित मोठा. तरी चालतो. या व्यासाला आतली पिन, म्हणजे डब्यात उभी राहून सिग्नल घेणारी छोटी तार, ३१ मिलिमीटर उंच आणि बंद तळापासून ४५ मिलिमीटरवर येते. डब्याची उंची १२ सेंटीमीटरच्या आसपास, ती कमी पडते, म्हणून दुसऱ्या डब्याची दोन्ही झाकणं कापून तो पुढे डागला. कथील चढवलेल्या पत्र्याला डाग छान बसतो.

पण डब्याची मर्यादा त्याच्या तोंडाशी आहे. अँटेना किती गोळा करणार हे त्याचं तोंड केवढं यावर ठरतं, आणि १० सेंटीमीटरच्या गोल तोंडातून ७-८ डीबीपेक्षा जास्त मिळत नाही. व्हिडिओत १२ आणि १५ सांगतात ते मनात धरू नका. वाढवायचंच असेल तर तोंडाला पसरतं नरसाळं जोडावं लागतं. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात मिलिमीटरच्या लहरींवर प्रयोग करताना हेच केलं होतं; आज त्याला हॉर्न अँटेना म्हणतात. ते पत्र्याचं काम मला एकटीला झेपण्यातलं नव्हतं, आणि त्यापेक्षा सोपी वस्तू हाताशी होती.

ती म्हणजे बायक्वाड. तांब्याच्या एका तारेचे दोन चौकोन, टोकाला टोक लावून, आणि मागे एक पत्रा. दिसायला फुलपाखरू. ही चौकोनी कल्पना जिथून आली ती हकिकत मला फार आवडते. १९४० च्या दशकात इक्वाडोरमधल्या कीटो शहरात एचसीजेबी नावाचं रेडिओ केंद्र होतं. कीटो समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंच, हवा विरळ. तिथल्या मोठ्या ताकदीच्या अँटेनाच्या उघड्या टोकांवर ठिणग्या पेटायच्या आणि टोकं वितळून जायची. तो अँटेना त्या जातीचा, जो आपल्या घरांवर टीव्हीसाठी असायचा, यागी-उदा पद्धतीचा, जपानमध्ये १९२० च्या दशकात शोधलेला. क्लॅरन्स मूर या इंजिनिअरने विचार केला की टोकामुळे त्रास होतो तर टोकच नको. त्याने तार वळवून बंद चौकोन केला. ठिणग्या थांबल्या, आणि अँटेना म्हणूनही तो चांगला निघाला. आपल्या १०० मिलिवॉटला ठिणगीची भीती नाही, पण चौकोनाचे बाकीचे गुण आपल्याला मिळतात: मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तरी तो रुसत नाही, आणि वाय-फायची सगळी चॅनेल त्यात आरामात बसतात.

मापं अशी. २.४४ गिगाहर्ट्झची लहर १२३ मिलिमीटर लांब. चौकोनाची प्रत्येक बाजू तिच्या पाव, म्हणजे ३१ मिलिमीटरला किंचित कमी. आठ बाजू मिळून २४५ मिलिमीटर तार. मागचा पत्रा १२३ मिलिमीटर चौरस, आणि तार पत्र्यापासून १५ मिलिमीटर वर.

तार मी मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणली, १४ गेजची. बागेतले पंप जळतात तेव्हा त्याच्याकडे असे तुकडे पडलेले असतात, वजनावर देतो. तिच्यावर इनॅमल असतं; जिथे डाग द्यायचा तिथे ते पॉलिश पेपरने पुरतं खरवडलं नाही तर डाग नुसता वर बसतो, धरत नाही. तार सरळ करायची तर एक टोक व्हाइसमध्ये आणि दुसरं पकडीत धरून एकदा जोरात ओढायची. हाताने सरळ केलेल्या तारेत लाटा राहतात आणि मग बाजू मोजताना फसायला होतं. खुणा मार्करने करून पक्कडीच्या जबड्यात वाकवली. आधी मधला बाक, मग दोन्हीकडे एकेक कोपरा. शेवटी तारेची दोन्ही टोकं मध्ये एकत्र येतात तो एक बिंदू, आणि मधला बाक तो दुसरा बिंदू. या दोघांत दोन-तीन मिलिमीटर अंतर राहायलाच हवं. सिग्नल इथूनच आत-बाहेर करतो.

मागचा पत्रा म्हणून तांबं चढवलेली पीसीबीची, म्हणजे सर्किट बोर्डाची, शीट घेतली. नवरा मुंबईला गेला होता, त्याला लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगितली. त्याच यादीत सगळ्यात महत्त्वाची वस्तू होती: दोन्ही टोकांना आरपी-एसएमए कनेक्टर (राउटरच्या अँटेनाच्या तोंडावर फिरवून बसतो तो) असलेली ६० सेंटीमीटरची तयार वायर. ती मधोमध कापली की दोन अँटेनांचं काम होतं, आणि कनेक्टर कारखान्यात दाबून बसवलेले मिळतात. घरी बसवलेला कनेक्टर वर्षभराने पाणी पितो. मागताना 'आरपी' हे शब्द ठासून सांगा. साध्या एसएमएच्या नटात मधोमध पिन असते, आणि राउटरच्या तोंडातही पिन असते. आटे जुळतात, नट फिरतो, आणि आत पिनेवर पिन बसून दोन्ही मोडतात. आपल्याला नटात भोक असलेला हवा.

आता डागकाम. पत्र्याच्या मध्यात भोक पाडून त्यात पाव इंची तांब्याच्या नळीचा छोटा तुकडा उभा केला, फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडे ही नळी मिळते. नळी पत्र्याला चारी बाजूंनी डागली. पत्रा उष्णता पिऊन टाकतो, तिथे ६० वॉटचा सोल्डर गन लागतो. कापलेल्या वायरीचं वरचं काळं आवरण सोलून ती मागून नळीत सरकवली. वायरीची जाळी नळीच्या वरच्या कडेला डागली, आणि त्याच कडेला तारेचा मधला बाक. मधली गाभ्याची तार किंचित लांब ठेवून ती दुसऱ्या बिंदूला, जिथे दोन टोकं मिळतात तिथे डागली. नळीची त्या बाजूची कड कानशीने दोन मिलिमीटर उतरवून घ्यायची, म्हणजे दुसरा बिंदू चुकून नळीला टेकत नाही. गाभ्याभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक लगेच वितळतं, तिथे छोटा गन घ्यायचा, जागा आधी कथलाने भिजवून ठेवायची आणि एका श्वासात डाग उरकायचा.

यानंतर मल्टिमीटर लावाल तर गाभा आणि जाळी यांच्यात शॉर्ट दाखवेल. घाबरू नका. चौकोनाची तार दोघांना जोडतेच आहे. मल्टिमीटरच्या बॅटरीला जो शॉर्ट दिसतो तो २.४ गिगाहर्ट्झला तसा नसतो. उलट यामुळे तारेवर साचणारा स्थिर विद्युतभार जाळीमार्गे निघून जातो, हा फायदाच. डब्यातली पिन मात्र मोकळी उभी असते. तिथे मल्टिमीटर वाजला तर काहीतरी टेकलं आहे असं समजा.

दोन्ही तयार झाल्यावर भाच्याचं समाधान करायचं होतं, आणि माझंही. सड्यावर गेलो. सडा म्हणजे उघडा जांभा, झाड नाही, भिंत नाही, अँटेना तपासायला याहून चांगली जागा नाही. एका टोकाला बॅटरीवर चालणारा राउटर काडीच्या अँटेनासह स्टुलावर ठेवला, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप आणि दुसरा राउटर. आधी डबा लावला, फिरवून-फिरवून जास्तीत जास्त आकडा पाहिला, मग त्याच जागी, त्याच उंचीवर बायक्वाड. डबा उणे ६० वर थांबला, बायक्वाड उणे ५७ वर. ३ डीबी, म्हणजे दुप्पट. भाच्याने स्वतः दोन-तीनदा अदलाबदल करून पाहिली आणि मग डबा काखोटीला मारून मुकाट्याने उतरायला लागला. तो डबा त्याने पुढे स्वतःच्या राउटरला लावला आहे आणि त्यांच्या गोठ्यापर्यंत तो मस्त चालतो. डबा वाईट नाही. १००-२०० मीटरसाठी डबा पुरेसा आहे.

आता ती वायर.

आरजी-५८ नावाची जी काळी वायर सगळीकडे मिळते, तिच्यात २.४ गिगाहर्ट्झला दर मीटरमागे साधारण १ डीबी नुकसान होतं. जास्त बारीक, लवचिक वायर असेल तर मीटरमागे २ पर्यंत. आता हिशेब करा. छपरावर १० डीबीचा अँटेना, तिथून १० मीटर वायर खाली टेबलापर्यंत: १० मिळवले, १० घालवले. एवढी खटपट करून हाती आलं शून्य. आणि हे नुकसान पाठवतानाही होतं आणि ऐकतानाही. अँटेनाची तार अर्धा मिलिमीटर लांब झाली म्हणून कोणाचं काही बिघडत नाही, लोक मात्र तिथेच तासन्तास घासत बसतात, आणि खरा घात या काळ्या वायरीत होतो. जाडजूड कमी नुकसानीची वायर मिळते, पण तिची आणि तिच्या कनेक्टरांची किंमत राउटरच्या वर जाते.

उपाय साधा आहे. वायर राउटरपर्यंत आणायची नाही, राउटर अँटेनापर्यंत न्यायचा. माझ्या दोन्ही अँटेनांना फक्त ३० सेंटीमीटर वायर आहे. राउटर वाशाखाली, कौलांच्या आत, अँटेनाच्या पाठीला पाठ लावून बसला आहे. तिथून घरात येते ती साधी लॅनची केबल, जिच्यात ६५ मीटर काय आणि ९० मीटर काय, इंटरनेटचं काही जात नाही. वीजही त्याच केबलमधून वर पाठवली. १०० एमबीपीएसच्या लॅनला चारपैकी दोनच जोड्या लागतात. निळी आणि तपकिरी जोडी रिकामी असते, तिच्यातून अडॅप्टरचे ९ व्होल्ट वर जातात. यासाठी दोन टोकांना लावायचे तयार जोड मिळतात, स्वस्त असतात. पंधरा मीटरमध्ये अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो, राउटर तो सोसतो. याच्यापेक्षा खूप लांब जायचं असेल तर वरच्या बाजूला व्होल्टेज नीट करणारं छोटं सर्किट लावा.

राउटर मात्र अँटेना काढता येणारा हवा. टीपी-लिंकच्या जुन्या राउटरांमध्ये मॉडेलच्या शेवटी 'एनडी' असेल तर काड्या निघतात, नुसतं 'एन' असेल तर घट्ट बसवलेल्या असतात. मला दोन्ही जुन्या बाजारात मिळाले. त्यांच्यात ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर घातलं, कारण त्यात तीन गोष्टी हातात येतात. दोनपैकी एकच अँटेना वापरायला सांगता येतं, नाहीतर राउटर दुसऱ्या रिकाम्या तोंडातूनही बोलत राहतो. अंतर सांगता येतं: राउटर एक पुडकं पाठवून 'मिळालं' या उत्तराची वाट पाहतो, ती वाट घरापुरती ठरवलेली असते, समोरचा लांब असेल तर उत्तर पोचण्याआधीच तो पुन्हा पाठवायला लागतो. मी ७०० मीटर लिहिलं. आणि डब्ल्यूडीएस, म्हणजे दोन राउटर बिनतारी जोडायची सोय, लावलं की दोन्ही घरं एकाच लॅनवर असल्यासारखी वागतात. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली तर आकडा मोठा दिसतो आणि कनेक्शन डगमगतं.

उभारणीच्या दिवशी नानांकडे दुपारी गेलो. दिशा शोधायला कंपास नको, आरसा पुरतो. भाचा आमच्या माडीवर उभा राहिला आणि उन्हाचा कवडसा वहाळापलीकडे टाकत राहिला. नानांच्या पडवीच्या कोणत्या वाशापाशी तो डोळ्यांवर चमकतो ते पाहिलं, तिथेच पाइप ठोकला. नुसतं दिसणं पुरत नाही, हे मात्र सांगायला हवं. लहर दोऱ्यासारखी जात नाही, मध्ये फुगते. ६५० मीटरच्या मधोमध तो फुगवटा साडेचार मीटर त्रिज्येचा होतो, आणि त्यातला किमान ६० टक्के, म्हणजे पावणेतीन मीटर भाग, सगळीकडून मोकळा लागतो. वहाळावर प्रश्न नव्हता, जमीनच खाली जाते. पण नानांच्या बाजूला एका हापूसच्या कलमाचा शेंडा रेषेत डोकावत होता. काकू लगेच म्हणाल्या, "फांदी उतरवायची काय गो?" कलम पंधरा वर्षांचं, धरतं. मी नको म्हटलं आणि पाइप दीड मीटरने वर घेतला.

आणखी एक बारकी गोष्ट, जिच्यामुळे भल्याभल्यांचे जोड चालत नाहीत. दोन्ही अँटेना एकाच तऱ्हेने उभे हवेत. बायक्वाडचे दोन चौकोन शेजारी-शेजारी, आडवे असतील तर लहर उभी निघते. वर-खाली असतील तर आडवी. एकीकडे असा आणि दुसरीकडे तसा लावलात तर २० डीबीपर्यंत तोटा होऊ शकतो आणि माणूस दिवसभर दिशाच फिरवत बसतो. मी दोन्हीकडे चौकोन आडवे ठेवले.

नाना खाली खुर्ची टाकून बसले होते. मी वाशावर, भाचा फोनवर नाही (रेंज कुठे आहे!), तर पलीकडून आरशाने एकदा चमकवलं म्हणजे आमची बाजू चालू अशी खूण ठरली होती. अँटेना तसूभर डावीकडे, थांबायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा, मग पुन्हा. बायक्वाडचा झोत पुरेसा रुंद असतो, म्हणून फार ताणावं लागलं नाही. उणे ६३ वर थांबलो. हिशेबापेक्षा ५ डीबी कमी. कलमाचा शेंडा आणि जोड मिळून तेवढं खातात असं मी धरते. वेग २५ ते ३० एमबीपीएस.  नातीने तिथेच, पडवीत बसून, भौतिकशास्त्राचा एक धडा सुरू केला. नानांनी चष्मा लावून अँटेनाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही तार कुणाला टेकली न्हाय, मग येतंय कसं?" मी त्यांना हातांच्या द्रोणाचं सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं, कारण वहाळापलीकडे हाका मारण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे.

पावसाचं वेगळं सांगते, कारण इथे चार महिने त्याचेच आहेत. २.४ गिगाहर्ट्झला पडणारा पाऊस फारसा अडवत नाही. कितीही कोसळला तरी या अंतराला फरक नगण्य. अडवतात ती भिजलेली पानं. मुसळधार पावसात माझा आकडा उणे ६९ पर्यंत उतरतो, आणि पाऊस थांबल्यावरही तिथेच राहतो. पानं निथळली, वारा सुटला की वर येतो. म्हणून हिशेबात ६-८ डीबी पावसासाठी राखून ठेवा.

अँटेनाला पाणी लागू नये म्हणून वर श्रीखंडाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा पालथा बसवला आहे. सगळं प्लॅस्टिक चालत नाही. तपासायचं तर मायक्रोवेव्हमध्ये तो डबा आणि शेजारी एक पेलाभर पाणी ठेवून मिनिटभर चालवा. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. डबा गार राहिला तर तो लहर पीत नाही, गरम झाला तर दुसरा शोधा. कडा सिलिकॉनने बंद केल्या, पण तळाशी एक बारीक भोक ठेवलं, नाहीतर आत दव साचतं. वायर आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळावरून गळतं, जोडात जात नाही. ताणून चिकटणारी रबरी टेप कनेक्टरवर खालून वर गुंडाळायची. वानरांसाठी पाइप वाशाला दोन ठिकाणी क्लॅम्प केला आणि वर टेकायला जागाच ठेवली नाही. आणि पाइपाला अर्थिंग दिलं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात लॅनची केबल दोन्हीकडे काढून ठेवायची हे काकूंना सांगून ठेवलं आहे. अर्थिंगने थेट पडलेली वीज अडत नाही.

कायद्याचं पाहून घेतलं होतं. २००५ च्या अधिसूचनेनुसार २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवाना लागत नाही. राउटरची शक्ती १ वॉटपर्यंत, अँटेनासह झोताची ताकद ४ वॉटपर्यंत, आणि अँटेना छपरापासून ५ मीटरच्या आत. माझा झोत १ वॉटच्या आसपास भरतो. मोबाइलचा सिग्नल वाढवणारे बूस्टर ही वेगळी गोष्ट आहे. ते परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे आणि टॉवरवरच्या इतर सगळ्यांना त्याचा त्रास होतो. त्या वाटेला जाऊ नका. आणि केबलवाल्याला मी आधी सांगितलं, त्याच्या परवानगीने एकच कनेक्शन दोन घरांत नेलं आहे.

नेपाळच्या डोंगरात महाबीर पुन यांनी गावागावांत असंच बिनतारी जाळं नेलं. २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुरुवातीला त्यांच्याकडेही घरी केलेले अँटेना आणि जुनी उपकरणंच होती. आपल्या वाड्यांची अंतरं त्यांच्यापुढे काहीच नाहीत. खर्च म्हणाल तर दोन जुने राउटर सोडले तर बाकी सगळं एका गॅस सिलिंडरच्या आत झालं.

नानांच्या शेजारच्या तीन घरांना आता लॅनची केबल ओढायची आहे, आणि वाडीतली शाळा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तिच्यासाठी भाच्याच्या डब्याची धाकटी भावंडं करायला घेतली आहेत. तुमच्याकडे असं काही करायचं असेल आणि मला विचारायचं असेल तर तीन गोष्टी सोबत पाठवा: दोन्ही टोकांमधलं सरळ अंतर, एका छपरावरून दुसऱ्या छपराचा फोटो (शक्यतो पावसाळ्यातला, म्हणजे पानं दिसतील), आणि राउटरच्या तळाचा, मॉडेल नंबर वाचता येईल असा फोटो. एवढं असलं की डबा पुरेल की बायक्वाड लागेल हे लगेच सांगता येतं.